फक्कीचं हॉटेल

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येत आहे की, चंडीगडातलं ते भव्य, पाच मजली, पंचतारांकित हॉटेल सिमेंट-काँक्रीटचं आहे ही समजूत साफ चुकीची आहे. ते मूळचं फक्कीचं आहे. खोखोच्या मैदानावर रेघा मारतात, त्या पांढऱ्या फक्कीचं. ते प्रथम आमच्या सरकारी क्वार्टर्ससमोरच्या मोकळ्या मैदानात बांधलं गेलं. त्याला छप्पर नव्हतं, भिंतींना उंची नव्हती, आणि तरीही भिंतीतून आरपार जाणाऱ्या माणसाला अख्ख्या सेक्टरला ऐकू जाईल अशी शिट्टी खावी लागे. मी स्वतः त्या हॉटेलात रिसेप्शनिस्ट होते. त्यामुळे हे काही मी ऐकीव सांगत नाही.

हे हॉटेल बांधणाऱ्या माणसाला आम्ही फक्कीसाहेब म्हणायचो. फलटणकडचे. शिडशिडीत, उंच, पांढरा हाफ शर्ट, आणि गळ्यात काळ्या दोरीला बांधलेली पितळी शिट्टी. तरुणपणी ते खोखोचे पंच होते. पुढे शिकून आर्किटेक्ट झाले, दिल्लीच्या एका सरकारी खात्यात लागले आणि बदल्या खात खात चंडीगडला आले. पण पंचगिरी काही सुटली नाही. माणसानं कुठून कुठं पळावं आणि कुठं वळावं हे आपण आखून द्यायचं, यातलं सुख त्यांना मैदानात सापडलं होतं. ते त्यांनी इमारतींत नेलं, एवढंच.

आता हॉटेलचा इतिहास. सहासष्ट साली पंजाब आणि हरियाणा वेगळे झाले, आणि राजधानी मात्र दोघांत एकच राहिली. त्यामुळे गावात सगळं दोन-दोन झालं. दोन मुख्यमंत्री, दोन मंत्रिमंडळं, दोन विरोधी पक्ष. या सगळ्यांकडे येणारे पाहुणे मात्र उतरायला जागा नाही म्हणून कुरकुरत. तेव्हा थाटाचं एक हॉटेल पाहिजे असं ठरलं. बाजाराच्या मोठ्या चौकालगतचा एक प्लॉट त्यासाठी राखला गेला आणि तिथं बरीच वर्षं उत्तम प्रतीचं गवत वाढलं. एक सरकारी उपक्रम हे हॉटेल बांधणार होता. बाहेरून ते कसं दिसावं हे दिल्लीच्या एका बड्या आर्किटेक्टनं ठरवलं. उघडं काँक्रीट, त्यावर शटरिंगच्या फळ्यांचे ठसे जसेच्या तसे, उन्हाला अडवणारे उभे पडदे, आणि पुढं विमानाच्या पंखासारखं पसरलेलं पोर्च. आतली मांडणी मात्र फक्कीसाहेबांकडे आली. ते म्हणत, "सूट दिल्लीवाल्यांनी शिवलाय. अस्तर माझं आहे. आणि अंगाला लागतं ते अस्तर."

तर हे अस्तर त्यांनी आमच्या मैदानात बेतायला घेतलं. नकाशे ऑफिसात होत, पण त्यांच्यावर साहेबांचा विश्वास नव्हता. "कागदावरच्या घरात फक्त पेन्सिल राहून बघते," असं त्यांचं म्हणणं. मग रविवारी सकाळी ते दोरी, खुंट्या आणि फक्कीची बादली घेऊन निघायचे. दोरी ताणून, वाकून, मुठीतून फक्की सोडत लॉबी काढायचे. खऱ्या मापाची. पाव इंचाची सूट नाही. मग शिट्टी वाजवून आम्हां शेजाऱ्यांना बोलवायचे आणि त्या लॉबीत राहायला लावायचे.

आमच्या त्या क्वार्टर्समध्ये तेव्हा मराठी घरं ओंजळभर होती. कुणी नागपूरचं, कुणी सांगलीचं, सगळे केंद्र सरकारच्या बदलीवर आलेले. मी लग्न होऊन चिपळूणहून थेट तिथं येऊन पडले होते. हिंदी धड येत नव्हती, पंजाबीत तर माणसं माझ्याशी भांडतायत की मला जेवायला बोलावतायत हेच कळत नसे. अशा अवस्थेत मला हॉटेलात नोकरी लागली. उलटी ठेवलेली लोखंडी ट्रंक हे माझं काउंटर. "रिसेप्शन!" अशी साहेबांनी हाक मारली की मी ताठ बसायची आणि येणाऱ्याला "गुड मॉर्निंग सर" म्हणायची. ते "सर" बहुधा दूधवाले किंवा गॅसवाले असत.

माझ्या नवऱ्याला साहेबांनी पाहुण्याच्या खोलीची तपासणी दिली. म्हणजे असं, की फक्कीच्या चौकोनात आमची खाट टाकायची, ह्यांनी तीवर आडवं व्हायचं, आणि झोपल्याजागी हात लांबवून काल्पनिक दिव्याचं काल्पनिक बटण सापडतं का ते बघायचं. एका रविवारी हे असेच भर मैदानात, कोवळ्या उन्हात, लेंगा-बनियनवर खाटेवर पडून पेपर वाचत होते. तेवढ्यात ह्यांच्या ऑफिसातले वरिष्ठ स्कूटरवरून चालले होते. त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

"क्यों भई, घर से निकाल दिया क्या?"

आमचे हे गडबडून उभे राहिले, पण शिट्टीच्या भीतीनं भिंत काही ओलांडली नाही. तिथूनच म्हणाले, "नहीं सर. होटल में ठहरा हूँ."

वरिष्ठांनी इकडे-तिकडे पाहिलं, स्कूटरला किक मारली आणि त्या दिवसापासून ते ह्यांच्याशी फार सांभाळून वागू लागले.

सैपाकघराची परीक्षा आमटीनं व्हायची. साहेबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, घरून गरम आमटीची वाटी आणत. ती सैपाकघराच्या चौकोनातून, अरुंद बोळातून, दोन वळणं घेत जेवणघराच्या शेवटच्या टेबलापर्यंत न्यायची. तिथं साहेब बसलेले. ते बोट बुडवून बघत. "गार," असा निकाल आला की आमटीचा दोष नसे, भिंतीचा असे. मग ते उठून चपलेनं ती भिंत पुसत आणि सैपाकघर अलीकडे ओढत. त्या हॉटेलात पुढं जे जे कुणी वाफाळतं जेवण जेवले, त्यांनी आमच्या चिंचगुळाच्या आमटीचे आभार मानायला हवेत. कुणी मानल्याचं ऐकिवात नाही.

शेजारच्या क्वार्टरात एक पंजाबी आजी राहायच्या, सगळ्यांच्या बीजी. त्यांचा मुलगा सचिवालयात होता, आणि बीजींना दिवसभर करमणूक नव्हती. त्या पहिल्या दिवसापासून आमच्या हॉटेलात दाखल झाल्या. फक्की हे साहेबांचं आडनाव आहे अशी त्यांची शेवटपर्यंत समजूत होती. साहेब त्यांना लिफ्टच्या चौकोनात उभं करायचे आणि थांबा म्हणायचे, कारण लिफ्टसाठी माणसं ताटकळली की लॉबीत दाटी होते का ते त्यांना बघायचं असे. बीजी कमरेवर हात ठेवून उभ्या राहत.

"फक्की साब, तेरी लिफ्ट ऊपर कद जाऊगी?"

"बीजी, आपको ऊपर जाने की इतनी जल्दी क्यों है?"

"ओए, जल्दी मैन्नू नहीं, मेरे गोड्याँ नूँ है!" असं म्हणून बीजी आपल्या दुखऱ्या गुडघ्यांवर थापटी मारत.

या बीजींची कपड्यांची दोरी थेट लॉबीच्या मधून जात होती. साहेबांनी ती काढा म्हणून विनवलं. बीजी म्हणाल्या, "होटल तेरा, रस्सी मेरी." त्यावर अपील नव्हतं. त्यामुळे लॉबी ओलांडताना आम्ही सगळ्याजणी एका ठरावीक जागी मान खाली घालून, कंबरेत वाकून, सलवार-कमीज आणि चादरींच्या खालून पलीकडे जायचो. तशीच एक तुती होती. ती जिन्याच्या पायथ्याशी उगवलेली होती. तिला वळसा घालायचा. महिन्यांमागून महिने आम्ही वाकलो आणि वळलो. ते पायांत आणि मानेत कसं मुरत गेलं ते आमचं आम्हाला कळलं नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. या हॉटेलाला पुढच्या पोर्चशिवाय आणखी एक दार होतं. लॉबीच्या बाजूला साहेबांनी एक लांबरुंद पडवी काढली होती. बाजाराच्या चौकाकडून पायऱ्या चढून आलं की ही पडवी लागे. तिथं भिंतीला धरून दगडी बाक, थंड पाण्याची सोय, समोर निळसर डोंगर. आणि पडवीतून थेट लॉबीत उघडणारं रुंद दार. कुणीही यावं, बसावं, पाणी प्यावं, वाटलं तर आत जाऊन झुंबर बघावं आणि आपल्या वाटेनं जावं. साहेबांचं या दारावर इतकं लक्ष असे की बाकीचं हॉटेल हे या दाराला टेकू म्हणून बांधलंय की काय असं वाटायचं.

आणि आम्ही बायका नेमक्या त्याच दारात उभ्या राहून गप्पा मारायचो. आता याला इलाज नाही. बाई बोलते ती दारातच. आत बसल्यावर फक्त चहा होतो. फक्कीच्या दोन रेघांमधली ती मोकळी जागा आम्हाला बरोबर ओळखू यायची आणि पाय तिथंच थबकायचे. की लगेच शिट्टी.

"अहो, दारात उभ्या राहू नका! लोक यायचेत अजून!"

"केहड़े लोक?" बीजी ओरडायच्या. "सारा सेक्टर तां इत्थे ही खड़ा है!"

साहेब हसत नसत. "यायचेत," म्हणत. "अजून यायचेत."

या सगळ्या नाटकात एक भूमिका कधीही बदलली नाही. बाजूच्या दारानं येणारी पाहुणी नेहमी वहिनीच. ठेंगण्या, सावळ्या, सुती लुगड्यातल्या. त्यांचा सगळा शब्दकोश "बरं" या एका शब्दात मावायचा. साखर संपली, बरं. बदली झाली, बरं. कापडाची पिशवी हातात घेऊन त्या पायऱ्यांशी उभ्या राहायच्या आणि साहेब लॉबीच्या टोकाकडून सांगायचे, "या. सरळ या. खाली बघू नका. इथं कुणी काही विचारत नाही." वहिनी दोन पावलं यायच्या आणि थांबायच्या. पुन्हा मागं. पुन्हा पिशवी सावरून पायऱ्यांशी. "पुन्हा," साहेब म्हणायचे. माझ्यातल्या नटीला हे फार लागायचं. मी एकदा तक्रार केली, "साहेब, पाहुणी मला करा की एकदा. मी कशी झोकात येते बघा." ते म्हणाले, "तुम्ही कुठूनही याल हो. तुमच्यासाठी दार कशाला लागतंय?" मला ती स्तुती वाटली.

एके दिवशी दिल्लीहून साहेबांचे वरिष्ठ आले. कोट-टाय, हातात फाईल. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की हा माणूस मैदानात हॉटेल चालवतो. ते ताडताड चालत आले ते जेवणघराच्या भिंतीतून. शिट्टी वाजली. भिंत पाडली म्हणून बीजींनी कपाळाला हात लावला, "हाय रब्बा, कंध तोड़ दित्ती!" वरिष्ठ दचकून मागं सरले, आणि मग पुढच्या दारानं आले. हे मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्यांनी सगळं हिंडून पाहिलं. सैपाकघर आवडलं, खोल्या आवडल्या. पडवीच्या दाराशी येऊन ते थांबले.

"यहाँ दरबान कहाँ खड़ा होगा?"

"यहाँ दरबान नहीं होगा, सर."

"अरे, फिर तो कोई भी अंदर आ जाएगा!"

फक्कीसाहेबांचा चेहरा असा उजळला, जणू इतके दिवस आपण जे सांगतोय ते अखेर कुणाला तरी कळलं. "जी सर!" ते म्हणाले.

वरिष्ठ फाईल बंद करून निघून गेले.

मे महिन्यात तिकडे आँधी येते. दुपारी चारला आभाळ विटकरी होतं आणि मग राजस्थानातली सगळी धूळ आपल्या घरावरून चालत जाते. त्या वर्षीच्या आँधीनं आमचं हॉटेल नेलं. आम्ही ओसरीतून बघत होतो. आधी खोल्या गेल्या, मग जेवणघर, मग लॉबी, आणि पांढऱ्या धुराचा एक पट्टा बीजींच्या कपड्यांसकट पंचकुल्याच्या शेतांकडे निघून गेला. पंचकुला तेव्हा शेतंच होती. मला रडू आलं. साहेब मात्र डोळे बारीक करून बघत होते. "बरं झालं," ते म्हणाले. "जिना चुकलाच होता." आणि खरं म्हणजे आता फक्कीची गरजही उरली नव्हती. नकाशे मंजूर झाले होते. दार नकाशात होतं.

गवत उपटलं गेलं, पाया खोदला, काँक्रीट चढू लागलं. साहेब रोज साइटवर. दोन वर्षं गेली. आणि हॉटेल पुरं होत आलेलं असताना त्यांच्या हातात बदलीची ऑर्डर पडली. जबलपूर. ताबडतोब. बदली का झाली, ते दिल्लीला माहीत. सरकारी बदलीला कारण विचारायचं नसतं, एवढं शिकायला मला चंडीगडची एवढी वर्षं पुरली होती.

मुलगी मॅट्रिकला होती. त्यामुळे आमच्याकडे रीत असते तसं झालं: साहेब एकटे पुढं, वहिनी आणि मुलगी परीक्षा होईपर्यंत क्वार्टरात. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. वहिनी डब्यात चढून ट्रंकेला कुलूप नीट लागलंय का बघत होत्या. साहेबांनी मला जरा बाजूला बोलावलं.

"रिसेप्शन, एक काम करा. उद्घाटनाला मी नसणार. हिला घेऊन जा. बाजूच्या दारानं."

"जाऊ की. पण वहिनींनाच का हो तुम्ही सारखं त्या दारानं..."

तेव्हा त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी दिल्लीला एका मोठ्या हॉटेलात त्यांच्या खात्याची परिषद होती. दुपारच्या चहाला बायकांना बोलावणं होतं. वहिनी नातेवाइकांकडून एकट्या गेल्या. हातात पिशवी, पिशवीत साहेबांचा स्वेटर. संध्याकाळी साहेब बाहेर पडले, तर वहिनी समोरच्या फुटपाथवर एका कट्ट्यावर बसलेल्या. दुपारपासून तिथंच.

"मी विचारलं, अगं आत का नाही आलीस? तर म्हणाली, बाहेर बरं होतं. नंतर कळलं. दरबानानं अडवलंसुद्धा नव्हतं हो तिला. नुसतं बघितलं होतं."

गाडीनं शिट्टी दिली. साहेबांनी सवयीनं गळ्यातली शिट्टी चाचपली. "आपण एवढाली हॉटेलं बांधतो," ते म्हणाले, "आणि आपल्या घरचं माणूस रस्त्यात बसतं. म्हणून तालीम. दार नुसतं ठेवून भागत नाही. त्यातून यायची सवय व्हावी लागते."

वहिनी खाली उतरल्या. खिडकीतून साहेब त्यांना म्हणाले, "पहिल्यांदा जाशील ती बाजूच्या दारानंच जा हं."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

यानंतर मी साहेबांना एकदाच भेटले. चार-पाच वर्षांनी ते कामासाठी दिल्लीला आले होते, तिथून सवड काढून दुपारपुरते चंडीगडला आले. केस सगळे पांढरे, जणू फक्की अखेर डोक्यावर बसली. मी त्यांना हॉटेलात नेलं. बाजूच्या दारानं. पडवीत हायकोर्टात तारखेला आलेले दोन शेतकरी पगड्या काढून बाकावर पडले होते. कॉलेजातलं एक जोडपं एकाच पेल्यातून पाणी पीत होतं. दोघी बायका भाजीच्या पिशव्या खाली ठेवून ऐन दारात उभ्या राहून कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या, आणि आतबाहेर जाणारी माणसं त्यांच्या दोन्ही बाजूंनी अंग चोरून जात होती. साहेबांचा हात गळ्याकडे गेला. शिट्टी धरली. मग सोडून दिली.

"बोलू दे," ते म्हणाले.

बसून बराच वेळ ते ती चौकट बघत राहिले. मग म्हणाले, "रिसेप्शन, हे दार मागाहून फोडलंय. चौकटीच्या कडेचं काँक्रीट नवीन आहे. म्हणजे मधे इथं भिंत होती."

"होती."

"काढली कुणी?"

"वहिनींनी."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी आमटी गार आणली होती. म्हणाले, "काहीतरी झालं एवढं मला कळलं होतं. हिला विचारलं की 'काही नाही' म्हणते. ती बोलली म्हणे उद्घाटनाला?"

"बोलल्या. मराठीत बोलल्या. बीजींनी तिथल्या तिथं पंजाबीत भाषांतर केलं, मुख्य पाहुण्यांना हसू आवरेना, त्यांनी विचारलं ही बाई कुठल्या दाराबद्दल बोलते आहे. मग नकाशा आला. नकाशात दार निघालं. सगळ्यांसमोर निघालं, तेव्हा करतात काय? दोन महिन्यांत भिंत फोडली. कागदोपत्री कारण 'वायुवीजन' असं आहे."

"पण बोलली काय ती?"

मग मी उठून उभी राहिले आणि त्या पडवीत, शेतकऱ्यांना आणि त्या जोडप्याला न जुमानता, साहेबांना तो सगळा प्रवेश करून दाखवला. आमची ती शेवटची भेट. गेल्या वर्षी जबलपूरलाच ते वारले. पडवीत त्यांना जसा करून दाखवला, तसाच इथं करते.

उद्घाटनाचा दिवस. थंडी. साहेबांच्या नावानं आलेलं निमंत्रण घेऊन आम्ही निघालो: वहिनी, मी, क्वार्टरांतल्या आणखी काहीजणी, आणि बीजी, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं. वहिनींच्या अंगावर जांभळं रेशमी लुगडं, हातात तीच कापडाची पिशवी. चौकाकडून जायला पोलिसांनी बंदी केली होती. सगळ्यांनी पोर्चमधूनच जायचं. पोर्चमध्ये तुरेवाला, मिशीवाला, सहा फुटी दरबान. वहिनी थबकल्या. माझं कोपर त्यांनी असं धरलं की वळ उठला. मी त्यांना आमच्या घोळक्याच्या मधे घेतलं, आणि आम्ही आत शिरलो.

आत शिरलो आणि मला आमचं मैदान दिसलं. शपथेवर सांगते. संगमरवर होता, झुंबर होतं, गालिचा होता, पण पायांना काहीच नवं नव्हतं. वहिनींनी माझं कोपर सोडलं. "आधी त्या दारानं बाहेर जाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "आणि परत आत येऊ. ह्यांनी सांगितलंय." आणि त्या पुढं झाल्या. आम्ही मागोमाग. जिन्याच्या पायथ्याशी काहीही नसताना आम्ही सगळ्याजणी, बीजींसकट, तुतीला वळसा घालून गेलो. लॉबीच्या मध्यावर येताच सगळ्यांच्या माना एकदम खाली गेल्या आणि कंबरेत वाकून आम्ही बीजींच्या दोरीखालून पार झालो. समोर मुख्य पाहुणे होते. त्यांना वाटलं ही महाराष्ट्रातली अभिवादनाची पद्धत. त्यांनीही वाकून नमस्कार केला.

आम्ही मान वर केली, तर समोर दार नव्हतं. भिंत होती. ओल्या रंगाच्या वासाची कोरी भिंत, तिच्यावर डोंगरांचं हे एवढं चित्र, चित्राला झेंडूच्या माळा. मागचे खरे डोंगर झाकून टाकले होते. भिंतीला पाठ लावून मुख्य पाहुणे, त्यांच्या शेजारी दिल्लीचे ते कोट-टायवाले वरिष्ठ, आणि फोटोग्राफर वाकून "सर, थोडा पास, थोडा पास" म्हणतोय. मला स्टेशनवरचं सगळं आठवलं. आता वहिनी परत फिरणार, पिशवी सावरणार आणि रस्त्यावर जाऊन बसणार, असं मला वाटलं.

वहिनींनी भिंतीकडे पाहिलंच नाही. त्यांच्या लेखी तिथं भिंत नव्हतीच. जिथून त्या महिनोन् महिने ये-जा करत आल्या होत्या, तिथं दार होतं, आणि त्या दारात कुणीतरी बिनकामाची माणसं खोळंबून उभी होती. वहिनी खाली न बघता सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. आयुष्यभर "बरं" म्हणून साठवलेला सगळा आवाज एकदम वर आला, फोटोग्राफर दचकला, आणि झुंबराखालच्या त्या सबंध लॉबीला ऐकू जाईल अशा सुरात वहिनी मुख्य पाहुण्यांवर खेकसल्या,

"अहो, दारात काय उभे राहिलात! लोक यायचेत अजून!"